अँबॅसिडरचा इग्निशन स्विच पुन्हा पुन्हा का जातो, आणि बदलण्याआधी काय काय तपासायचं

हे लिखाण पेट्रोल अँबॅसिडरसाठी आहे: १४८९ सीसीचं इंजिन, ल्यूकस या ब्रिटिश कंपनीच्या पद्धतीचं वायरिंग आणि डॅशवर चावीचा स्विच. उत्तरपाड्याला ही गाडी १९५७ पासून २०१४ पर्यंत बनत राहिली. एवढ्या वर्षांत बरंच काही बदललं, त्यामुळे तुमच्या गाडीत एखादी वायर वेगळी निघाली तर घाबरू नका. प्रीमियर पद्मिनीवाल्यांनाही तपासण्याचा क्रम हाच ठेवता येईल, फक्त वायरचे रंग जुळतील असं धरू नका. डिझेल अँबॅसिडरला कॉइलच (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी) नसते, तिचं दुखणं वेगळं.

लक्षणं

चावी फिरवली की काहीच होत नाही, पण तीच चावी थोडी वरखाली हलवली, अर्धवट मागे आणली की सेल्फ लागतो.

सेल्फ फिरतो, इंजिन पकडतं, आणि चावी सोडताच बंद पडतं. स्विचचं दुखणं सांगणारं हे सगळ्यात स्पष्ट लक्षण. चावी स्टार्टवर असताना कॉइलला करंट मिळतो, ऑनवर परत आली की मिळत नाही. म्हणजे आतली ऑनची जागा जळलेली किंवा झिजलेली आहे. कॉइलला बॅलास्ट रेझिस्टर (तिचा करंट मर्यादित ठेवणारा रोधक) बसवलेला असेल तर मात्र तो गेल्यावरही नेमकं असंच होतं. तेव्हा आधी तो आहे का ते बघा.

खड्ड्यात गाडी आपटली की इंजिन क्षणभर गचका खातं आणि त्याच वेळी चार्जिंगचा लाल दिवा लुकलुकतो.

चावी ऑनवर असतानाच हातात निघून येते, किंवा घराच्या कपाटाची चावी घातली तरी स्विच फिरतो. ही कुलपाची झीज. मागचे कॉन्टॅक्ट ठणठणीत असू शकतात.

स्विचची कडी हाताला गरम लागते, डॅशजवळ बेकेलाइट जळाल्याचा वास येतो. असं असेल तर गाडी चालवू नका, आजच बॅटरीची एक वायर काढून ठेवा.

चावी सोडली तरी सेल्फ फिरतच राहतो. इथेही आधी बॅटरीची वायर काढायची, विचार नंतर. स्विचची स्प्रिंग मेलेली असेल किंवा सोलेनॉइड (चावीच्या इशाऱ्यावर बॅटरीचा करंट सेल्फच्या मोटरला जोडणारा विद्युतचुंबकी स्विच) आत चिकटला असेल. दोन्हींत मोटर काही मिनिटांत जळू शकते.

चावी बंद केल्यावरही इंजिन चालू राहतं, याचा दोष बहुतेक जण लगेच स्विचला देतात. ते चार-सहा ठोके खडखडत, अडखळत चाललं आणि थांबलं तर सिलिंडरमधल्या तापलेल्या कार्बनवर पेट्रोल पेटतंय. स्विचचा संबंध नाही. चावी बंद असूनही शांतपणे, एकसारखं चालत राहिलं तरच कुठून तरी कॉइलला करंट पोचतोय.

फुकटात होणाऱ्या तपासण्या

दुसरी चावी काढा. घरात कुठेतरी असतेच, पूर्वीच्या मालकाने दिलेली, न वापरलेली. वर्षानुवर्षं खिशात घासलेल्या चावीचे दाते बोथट होतात आणि ती स्विचचा गाभा पूर्ण फिरवत नाही. दुसऱ्या चावीने गाडी नीट लागली तर काम संपलं, तिच्यावरून नवी कापून घ्या. जुन्या झिजलेल्या चावीवरून कापली तर झीजही तशीच उतरेल. आणि चावीच्या जुडग्यात गोदामाच्या, कपाटाच्या, गेटच्या चाव्या अडकवलेल्या असतील तर त्या वेगळ्या करा. ते वजन प्रत्येक खड्ड्यात कुलपावर हिसका देतं.

मग हेडलाइटची परीक्षा. याला ना हत्यार लागतं ना पैसा, आणि अर्धे स्विच यातच निर्दोष सुटतात. संध्याकाळी गाडी भिंतीसमोर उभी करा, हेडलाइट लावा आणि सेल्फ मारा.

दिवे एकदम मंद झाले किंवा विझले, तर स्विचने आपलं काम केलं. करंट मोटरकडे निघाला, पण बॅटरी कमजोर आहे, टर्मिनल खराब आहे किंवा मोटर अडकली आहे. दिवे होते तसेच राहिले आणि सोलेनॉइडचा टक् आवाजही आला नाही, तर मोटरला सांगावाच गेला नाही. मग संशय स्विचवर, सोलेनॉइडवर आणि त्यांच्यामधल्या वायरवर. टक् आवाज आला, दिवे तसेच, मोटर मख्ख, तर सोलेनॉइडचे आतले जाड कॉन्टॅक्ट किंवा मोटरचे ब्रश बघायचे.

तिसरी गोष्ट, डॅशवर एकत्र काय काय मेलंय ते बघायचं. मूळ वायरिंग शाबूत असेल तर हॉर्न आणि हेडलाइटचा करंट स्विचमधून जात नाही; ते चावीशिवायही चालतात. पेट्रोलचा काटा, वायपर, इंडिकेटर, ब्रेकचे दिवे मात्र चावीनंतरच्या फ्यूजवर आहेत. आता चावी ऑन करा. चार्जिंगचा लाल दिवा लागतोय पण काटा आणि वायपर मेलेत, तर स्विच चांगला आहे, फ्यूज बघा. जुन्या बॉक्सवर ए-१ ते ए-४ असे चार अंक असतात. ए-३ आणि ए-४ च्या मधला फ्यूज हा. बहुतेकदा तो गेलेला नसतो, त्याच्या टोकांवर आणि चिमट्यांवर हिरवट थर चढलेला असतो. काढून, झिरो नंबरच्या पॉलिश पेपरने घासून परत बसवा. लाल दिवाही नाही, काटाही नाही, पण हॉर्न खणखणीत वाजतोय, तर संशय स्विचवर किंवा त्याच्या मागच्या वायरवर.

इंजिन फिरवायचं हँडल अजून डिकीत पडलेलं असेल तर त्याचाही उपयोग करा. चावी ऑन, गाडी न्यूट्रल, हँडल मारलं आणि इंजिन लागून चालू राहिलं, तर स्विचचा ऑनचा भाग ठीक आहे. हँडल धरताना अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवा. इंजिनाने उलटा झटका दिला तर मनगट वाचेल.

बॅटरी आणि अर्थिंग

टर्मिनल काढा, गरम पाण्याने पांढरा थर धुवा, आतून घासा, घट्ट बसवा, वरून पेट्रोलियम जेली लावा. वरवर घट्ट दिसणारं टर्मिनल आतून काळं असतं, म्हणून काढल्याशिवाय निकाल देऊ नका. पूर्ण चार्ज झालेली, थोडा वेळ स्वस्थ ठेवलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. सेल्फ मारताना ती ९.६ च्या खाली घसरत असेल तर आधी बॅटरीचा बंदोबस्त करा.

इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी विणलेली तांब्याची पट्टी हा सेल्फच्या करंटचा परतीचा रस्ता. ती तुटली किंवा गंजली की करंट दुसरी वाट शोधतो. सेल्फ मारल्यावर चोकची केबल हात लावून बघा. गरम लागली तर करंट तिच्यातून जातोय, स्विचला बोल लावू नका. नवी पट्टी स्विचपेक्षा स्वस्त पडते आणि बसवायला दोन बोल्ट लागतात.

स्विचच्या मागे हात घालताना

पहिल्यांदा बॅटरीची अर्थची वायर काढा. कुठली ते रंगावरून ठरवू नका. जी वायर बॉडीला बोल्टने बसवलीय ती. काही फार जुन्या गाड्यांत धन टोक बॉडीला जोडलेलं असतं, आणि कोणी नंतर ते फिरवलेलंही असतं.

आता टॉर्च घेऊन डॅशखाली डोकं घाला. स्विचमागच्या स्क्रूखालच्या वायरी एकेक हलवून बघा. सैल असलेली लगेच कळते, तिच्या टोकाशी तांबं काळं-जांभळं पडलेलं असतं. स्क्रू पाव आटा घट्ट केला आणि दुखणं गेलं, असं इतक्यांदा झालंय की मी नवा स्विच घेऊन जात असलो तरी आधी स्क्रूड्रायव्हरच काढतो.

मूळ रंग असे: तपकिरी म्हणजे बॅटरीकडून थेट आलेली, पांढरी म्हणजे चावी ऑनवर कॉइल आणि फ्यूजकडे जाणारी, पांढऱ्यावर लाल रेघ म्हणजे सोलेनॉइडकडे जाणारी. पण हे मूळचं. गाडी दोन-तीन वायरमनच्या हातून गेली असेल तर ज्याला हाताला जो रंग लागला तो त्याने लावलेला असतो. म्हणून रंग हा अंदाज समजा, खात्री टेस्ट लॅम्पने (एका वायरला चिमटा आणि दुसरीकडे टोक असलेला छोटा बल्ब) करा.

इथेच एका जागी थांबून बघा: पांढऱ्या वायरच्या स्क्रूखाली किती वायरी कोंबल्यात? सरकारी लिलावातून आलेल्या गाडीत हे चित्र हमखास. डॅशवरचा छोटा पंखा, टेप, सायरनची तुटकी वायर, टपावरच्या लाल दिव्याची वायर, सगळं एकाच स्क्रूवर. लाल दिवा कधीच उतरला, वायर मात्र टपाच्या कापडामागे उघड्या टोकाने लोंबत असते, आणि चावी ऑन केली की तिच्यात करंट असतो. वारंवार स्विच जाण्याचं कारण बहुतेक वेळा या स्क्रूपाशीच सापडतं.

हिशोब करून बघा. ५५ वॅटचे दोन फॉग लॅम्प, म्हणजे ११० वॅट. १२ व्होल्टला ९ अँपिअरहून जास्त. कॉइल, वायपर, इंडिकेटर, पंखा वरून वेगळे. हा सगळा करंट नखाएवढ्या तांब्याच्या पट्टीवरून जातो, आणि तिला जागेवर दाबून धरायला फक्त एक बारीक स्प्रिंग असते. पट्टी तापते, स्प्रिंगचा ताण जातो, दाब कमी झाला की ठिणगी पडते, ठिणगीने काळा थर चढतो, थराने आणखी तापते. नवा स्विच आणून तेवढाच भार पुन्हा लादला तर तोही त्याच वाटेने जाणार.

टेस्ट लॅम्प आणि मीटर

बॅटरी परत जोडा. गाडी न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला. स्टीअरिंगवरचा गिअर असेल तर न्यूट्रलची खात्री गाडी हाताने ढकलून करा. जुन्या लिंकेजचा दांडा मध्ये दिसतो आणि आत गिअर पडलेला असतो. इंजिन लागू नये म्हणून कॉइलची जाड वायर डिस्ट्रिब्यूटरमधून काढून तिचं टोक इंजिनाच्या धातूला टेकवून ठेवा.

टेस्ट लॅम्पचा चिमटा बॉडीच्या कोऱ्या धातूला लावा. टोक तपकिरी वायरच्या स्क्रूवर: चावी बंद असतानाही लखलखीत लागला पाहिजे. नाही लागला तर स्विचपर्यंत माल पोचतच नाही, मागे बॅटरीच्या दिशेने शोधा. टोक पांढऱ्यावर, चावी ऑन: तितकाच उजेड हवा. टोक लाल रेघेच्या वायरवर, दुसऱ्याला चावी स्टार्टवर धरायला सांगा: लागला पाहिजे, सोडल्यावर विझला पाहिजे.

पण टेस्ट लॅम्प फसवतो. त्याला करंट इतका थोडा लागतो की जळका कॉन्टॅक्टही त्याला पुरतो. खरी परीक्षा भार असताना. वायपर, इंडिकेटर, पंखा सगळं चालू करा, मीटर २० व्होल्टच्या डीसीवर ठेवा, एक टोक तपकिरी स्क्रूवर आणि दुसरं पांढऱ्यावर. चावी ऑन असताना मीटर जे दाखवतो तेवढे व्होल्ट स्विच स्वतः खातोय. ०.२ पर्यंत चालेल. ०.५ च्या वर गेला तर कॉन्टॅक्ट गेले समजा. एक व्होल्ट आणि दहा अँपिअर म्हणजे त्या एवढ्याशा डबीत दहा वॅटची शेगडी. हीच मोजणी तपकिरी आणि लाल रेघेच्या स्क्रूमध्ये, चावी स्टार्टवर धरून, पुन्हा करा. आकड्यापुढे उणे चिन्ह आलं तर टोकं उलटी लागलीत, बाकी काही नाही.

सोलेनॉइड वेगळा बसवलेला असेल तर काही ल्यूकस नमुन्यांना रबराखाली एक बटण असतं. ते अंगठ्याने दाबलं आणि मोटर जोमात फिरली, तर बॅटरी, मोटर आणि जाड केबल यांना क्लीन चिट.

बदलणं

मीटरने स्विचच दोषी ठरवला तरच इथे या.

जुना स्विच हातात घेऊन दुकानात जा, फोनवर मागवू नका. मुंबईत ऑपेरा हाउस आणि कुर्ल्याचा सीएसटी रोड, पुण्यात नाना पेठ. तिथे नाहीच मिळाला तर कोलकात्याचा मलिक बाजार, जिथे अँबॅसिडरचं काय वाटेल ते निघतं. टर्मिनल किती, त्यांची जागा कुठली, गळ्याची जाडी किती, हे समोरासमोर लावून बघा. नव्या मालात स्प्रिंग लेचीपेची असते. दुकानातच चावी स्टार्टवर नेऊन सोडा, ती फटकन परत आली पाहिजे. मीटर जवळ असेल तर काउंटरवरच प्रत्येक जागेवर टर्मिनल जुळतात का बघून घ्या. दुकानदार तोंड वाकडं करेल, करू द्या.

माझं मत विचाराल तर जुन्या पितळी बॉडीचा स्विच आणि हलका नवा स्विच यांत मी जुनाच उघडून साफ करणं पसंत करतो, पण त्याचे कॉन्टॅक्ट नुसते काळे असतील तरच. खड्डे पडले असतील, बेकेलाइट फुगलं असेल तर फेकायचा. उघडल्यावर घासकाम झिरो पेपरनेच, आणि आत तेलाचा फवारा मारू नका. त्यावर धूळ बसते आणि ठिणगी तिथेच पडत असते. कुलपाचा भाग जड झाला असेल तर पेन्सिलीच्या शिशाची पूड चिमूटभर, चावीला लावून. तीही कॉन्टॅक्टकडे जाऊ देऊ नका, शिशातून करंट जातो.

बॅटरीची वायर काढून झाल्यावर मागचे फोटो काढा, प्रत्येक वायरला कागदी पट्टी चिकटवून तिचं टर्मिनल लिहा. समोरची क्रोमची कडी पक्कडीने थेट धरली तर ओरखडे जन्मभर राहतात. जुन्या ट्यूबचा तुकडा मध्ये धरा. कडी निघाली की स्विच मागून खाली उतरतो.

जुनी चावी ठेवायची असेल तर बॉडीवर एक बारीक भोक शोधा. चावी घालून हळूहळू फिरवत त्या भोकात बारीक ताठ तार दाबत राहा. एका जागी आतली खुंटी दबते आणि गाभा चावीसकट पुढे निघून येतो. नव्या बॉडीत तो बसला तर दारांची आणि गाडीची चावी पूर्वीसारखीच राहील. जबरदस्तीने ओढायचं नाही.

परत जोडताना उघडी तार पिळून टेप गुंडाळणं नको. काळं तांबं कापून टाका, थिंबल (वायरच्या टोकाला बसवायची धातूची टोपी) दाबून लावा, वायर मूळ जाडीचीच घ्या. पांढऱ्या स्क्रूवर मूळच्या वायरीच बसवा. बाकीच्या उपऱ्यांसाठी एक चार टोकांचा रिले (थोड्या करंटच्या इशाऱ्यावर जास्त करंट जोडणारा स्विच): ३० नंबरला बॅटरीकडून फ्यूज लावून आलेली जाड वायर, ८७ वर फॉग लॅम्प, पंखा, टेप, ८६ ला स्विचची पांढरी, ८५ बॉडीला. आता स्विचला फक्त रिलेची कॉइल ओढायचीय, तिला पाव अँपिअरही लागत नाही. हा रिले न बसवता फक्त स्विच बदलणार असाल तर पुढच्याच्या शोधात पुन्हा बाजारात जायची तयारी ठेवा. टपातली ती लोंबकळती वायर मुळापासून काढून टाका.

बॅटरी जोडण्याआधी शेवटची एक युक्ती: बॅटरीचं टोक आणि काढलेली वायर यांच्या मध्ये २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब धरा. चावी बंद, दारं बंद, सगळे दिवे बंद. बल्ब लखकन पेटला तर कुठेतरी शॉर्ट आहे, आणि तुम्ही वायरिंग जाळण्यापासून वाचलात. नाही पेटला तर सरळ जोडा.

इथे हात थांबवा

डॅशमागच्या जुडग्यात एखाद्या वायरचं आवरण वितळून शेजारच्या वायरीला चिकटलं असेल, तर तो स्विचचा विषय उरला नाही. आत कुठवर जळलंय ते बाहेरून दिसत नाही. चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडून जुडगा उलगडून घ्या, आणि गाडी टो करून न्या, चालवत नाही.

स्विच डॅशवर नसून स्टीअरिंग कॉलमवर कुलपासकट असेल तरीही थांबा. त्याचे बोल्ट डोकं तुटणारे असतात, ते ड्रिल करून काढावे लागतात. अर्धवट बसलेलं कुलूप वळणावर स्टीअरिंग अडकवू शकतं.

फ्यूज नवा घातला की लगेच उडतो, तर मोठा फ्यूज किंवा सिगारेटची चांदी हा उपाय नाही. सोलेनॉइड चिकटत असेल, बॅटरीची दिशा नक्की कळत नसेल, बल्बची परीक्षा दोनदा करूनही बल्ब पेटत असेल, तर हत्यारं गुंडाळा. इलेक्ट्रिशियनला फोन करताना हेडलाइटच्या परीक्षेचा निकाल आणि मीटरचे आकडे सांगा; ते ऐकूनही तपासणी न करता "स्विच बदलू" म्हणाला तर दुसरा शोधा.

आणि काम तुमचं तुम्ही केलं असेल तर आठवडाभराने, गाडी अर्धा तास चालवून आल्यावर, डॅशखाली हात घालून स्विचच्या मागच्या बाजूला बोट लावा. कोमट ठीक. चटका बसला तर मीटर पुन्हा काढा.